दुपारी दोन दहाचा ताप

रविवार, २ फेब्रुवारी २०२५

चाळीस वर्षं बेळगावच्या कोर्टात दुसऱ्यांच्या भांडणांच्या तारखा टिपल्या. स्वतःची एक तारीख कधी लिहून ठेवली नाही. आज नवी वही काढली, कारण घरात प्रकरण उभं राहिलं आहे. माझा संगणक तापतो.

संगणक मुळात जावयाचा. मुलगी चिन्मयी आणि तो कॅनडाला गेले तेव्हा त्यांनी पुण्याहून ट्रान्सपोर्टनं दोन खोकी पाठवली. एकात हा काळा, धिप्पाड संगणक. दुसऱ्यात जावयाचं खेळाबिळाचं सामान, ते बायकोनं, सुनंदानं, माळ्यावर टाकलं. संगणकाच्या पडद्यावर एका ट्रकचं चित्रही आहे. ट्रान्सपोर्टवाल्यांचं असणार. हल्ली जाहिरात कुठेही चिकटवतात.

त्यावर मी पुस्तक लिहितो आहे, 'वहिवाटीचा हक्क'. सकाळी तासभर टंकतो. तेवढ्यानं यंत्राला घाम फुटायचं कारण नाही. पण परवा दुपारी विश्रांती घेऊन उठलो, सहज हात लावला, तर पेटी भाकरीच्या तव्यासारखी. आतले पंखे गिरणीसारखे घोंघावत होते.

आज नागेंद्रला बोलावलं. हा खानापूरकडचा, पन्नाशीचा गृहस्थ. आठवडाभर उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत ड्रॉइंग काढतो आणि रविवारी ओळखीच्यांचे संगणक दुरुस्त करत हिंडतो. त्यानं एक सॉफ्टवेअर घालून दिलं. आतला कुठला भाग किती तापला, कुठला पंखा किती वेगानं फिरतो, सगळं आकड्यांत दिसतं.

"आता तुमाला सगळं कळतंय बगा वकीलसाहेब," तो म्हणाला. "कोण तापलंय, किती तापलंय."

"घरातल्या माणसांचं पण दाखवतं काय रे?" सुनंदानं चहा ठेवता ठेवता विचारलं.

नागेंद्र हसला. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही.

सोमवार, ३ फेब्रुवारी

१२७ अंश!

सकाळी सॉफ्टवेअर उघडलं. सहा आकडे चाळिशीच्या आसपासचे, सभ्य. सातवा १२७. पाणी शंभराला उकळतं एवढं शास्त्र मलाही ठाऊक आहे. मी मेन स्विच पाडला, खिडक्या उघडल्या, सुनंदाला अंगणात जायला सांगितलं आणि नागेंद्रला फोन लावला.

"ती जागा रिकामी हाय, वकीलसाहेब. बोर्डावर सेन्सर जोडायला जागा असतीय, पण तितं वायरच न्हाय. मग सॉफ्टवेअर मनाला येईल त्यो आकडा दाखवतंय. त्येच्याकडं बगू नका."

म्हणजे साक्षीदार हजरच नाही, आणि त्याची साक्ष मात्र नोंदवली जाते! असले साक्षीदार मी उलटतपासणीत आयुष्यभर फोडले. आज एकानं मला फोडलं. सुनंदा शेवग्याच्या शेंगा घेऊन तासभर अंगणात बसली होती. तिला आत बोलवायचं राहिलं, आणि मेन स्विच वर करायचंही राहिलं. दुपारपर्यंत टाकीत पाणी चढलं नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

एकाच डॉक्टरच्या शब्दावर विसंबू नये म्हणून मी स्वतः दुसरं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. दोन्ही एकदम चालू ठेवली. पहिलं म्हणालं पंखा बंद आहे. दुसरं म्हणालं पंखा मिनिटाला पासष्ट हजार फेरे घेतो. पंखा समोर आरामात फिरत होता.

नागेंद्रनं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "दोगं एकाच चिपला एकदम इचारायलेत. ती बिचारी कुणाला काय सांगणार?"

दोन वकिलांनी एकाच साक्षीदाराला एकदम प्रश्न विचारले तर न्यायाधीश एकाला खाली बसवतो. मी माझ्या सॉफ्टवेअरला खाली बसवलं. आकडे सुधारले.

सुनंदानं सकाळचा योगवर्ग लावला आहे. व्हॅक्सिन डेपोच्या बाजूला, सात ते पावणेआठ. टाच दुखते म्हणून कॅनव्हासचे बूट घेतलेत. या वयात कशाला, असं मी म्हणालो नाही. मनात आलं फक्त.

काल मोटार आत घेताना फाटकाच्या खांबाला पुन्हा घासली. त्या गवंड्यानं खांब मुळातच वाकडा बांधला आहे.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज ध्यानात आलं की प्रत्येक आकड्याला तीन रकाने आहेत. आत्ताचा, कमीत कमी आणि जास्तीत जास्त. मी आजवर पहिलाच वाचत होतो. ग्राफिक्स कार्ड नावाचा भाग आत्ता ४१ दाखवतो. जास्तीत जास्त, ८६!

नागेंद्रला फोन केला. हे कार्ड पडद्यावर चित्रं हलायला लागली की तापतं, नुसतं टंकून तापत नाही, असं तो म्हणाला आणि घाईनं फोन ठेवला. मी चित्रं पाहत नाही. मग दुपारी माझ्या घरात चित्रं हलवतंय कोण?

संध्याकाळी कॅनडाला फोन. जावई म्हणाला, "बाबा, व्हायरस असेल. हल्ली लोक दुसऱ्यांच्या कंप्युटरवर चोरून आपलं काम चालवतात." मागून चिन्मयीच्या हसण्याचा आवाज आला. तिकडे सकाळ असते, मुलगी प्रसन्न होती.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज ताप नाही. ४४ च्या वर गेला नाही. सुनंदा दर गुरुवारप्रमाणे शहापूरला बहिणीकडे गेली होती. आमटी गार.

रविवार, १६ फेब्रुवारी

नागेंद्रनं पेटी उघडून धूळ काढली. चिपवरची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली. "आता धा अंश तरी उतरतंय," म्हणाला.

दोन तक्रारी त्याच्यासमोर मांडल्या. पहिली, टेबलाच्या कडेला खाली दोन खोल व्रण पडलेत, अगदी समोरासमोर. घूस असावी. नागेंद्रनं वाकून बघितलं आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. वर आला तेव्हा त्याचा चेहरा लाल होता. "घूसच, वकीलसाहेब. मोटी दिसतीय."

दुसरी, मॉनिटरवर धुकं येतं. अक्षरांना कडी दिसतात, दिव्याला येतात तशी. त्यानं स्वतःच्या घरचा मॉनिटर आणला होता, तो जोडला. त्यावरही तेच धुकं.

"हाही खराब," मी म्हणालो.

नागेंद्र आणि सुनंदा एकमेकांकडे पाहत राहिले. "अहो, डोळे दाखवूया का एकदा?" सुनंदा म्हणाली.

"एका पडद्याची तक्रार दोन डोळ्यांवर ढकलता येत नाही," मी म्हणालो. "दोन्ही एकदम बिघडायला ते काय एका कंपनीचे आहेत?"

नागेंद्रनं आपला मॉनिटर काढून घेतला, म्हणजे युक्तिवाद मान्य.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

व्हायरस इंटरनेटवरून येतो म्हणून जेवणाआधी इंटरनेटची वायरच उपटली. चार वाजता बघितलं: ७९. पेस्टनं सात अंश उतरले हे खरं, पण आत शिरलेला इसम आतच आहे. बाहेरून येत नाही.

सुनंदामध्ये योगानं फरक दिसतो. स्वयंपाकघरात वळण्याआधी ती हल्ली दोन्ही बाजूंना मान फिरवते. काल भाकरी थापताना पुटपुटत होती, "आरसा, इंडिकेटर, मान." कोणता श्लोक म्हणून विचारलं तर म्हणाली, "नवीन आहे."

रविवार, ९ मार्च

गेले दोन दिवस दुपारी उठून पाहतो तर तिन्ही रकाने जवळजवळ सारखे. आत्ता ४३, कमीत कमी ४२, जास्तीत जास्त ४४. पण पेटी गरम! इतका स्वच्छ साक्षीदार मी आयुष्यात पाहिला नाही. याला कुणीतरी पढवलंय.

नागेंद्रनं सांगितलं, एक रीसेटचं बटण असतं, ते दाबलं की जुनी नोंद पुसते. म्हणजे हा व्हायरस गुन्हा करून फरशी पुसून जातो.

"मग कायमची नोंद ठेवायची काही सोय?"

"हाय... म्हंजे, हाय." त्यानं मानेमागं खाजवलं. "लॉग म्हनत्यात. दर मिनटाला फाइलीत आकडा लिवून ठेवतंय. पन लई मोटी हुतीया फाइल. कशाला ती डोकेदुकी?"

मी त्याच्याकडून करूनच घेतलं. जाताना तो दारात सुनंदाला सांगत होता, "आक्का, आता मिनटामिनटाची नोंद ऱ्हानार बगा." तिला यातलं काय कळणार, पण सांगतो बिचारा. भला माणूस.

रविवार, १६ मार्च

लॉग छापून आणला. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यानं विचारलं, "साहेब, कुठल्या केसचं?" मी म्हणालो, "घरच्या." त्यानं कागद फार जपून पाकिटात घातले.

लाल पेन्सिल घेऊन बसलो. निष्कर्ष लिहून ठेवतो.

ताप रोज दोन दहाच्या सुमाराला चढतो आणि तीन पस्तीसला उतरतो. मी दोन वाजता आडवा होतो, पावणेचारला उठतो. म्हणजे त्या इसमाला माझी दिनचर्या ठाऊक आहे. बुधवारी शेजारच्या रचना वहिनी दोन वाजता गव्हाचं पीठ मागायला आल्या आणि बोलत बसल्या, त्या दिवशी ताप दोन पन्नासला चढला. त्या इसमाला शेजाऱ्यांचीही अडचण होते. आणि सर्वांत विलक्षण गोष्ट अशी, की गुरुवारी काहीच नाही.

हा व्हायरस गुरुवार पाळतो!

सुनंदाला वाचून दाखवलं. तिला जोराचा ठसका लागला. पदर तोंडाला लावून ती मोरीकडे गेली आणि बराच वेळ आली नाही. हवा बदलते आहे, जपायला हवं.

गुरुवार, २० मार्च

लॉगमध्ये कालपरवापासून भोकं. दोन पाचपर्यंत नोंद, मग थेट तीन चाळीस. मधला काळ गायब. त्यानं साक्षीदारालाच बाहेर काढून दार लावलं.

शुक्रवार, २१ मार्च

आज दुपारी स्वतः पहारा केला. निजल्याचं सोंग घेतलं, पण दार किलकिलं ठेवून एक कान बैठकीच्या खोलीकडे. दोन वाजता डोळे मिटले. सुनंदाची पावलं ऐकली. ती दारात थांबली, बहुधा पांघरूण बघायला. त्यानंतरचं सगळं वातावरण मी अत्यंत बारकाईनं टिपत राहिलो.

पावणेचारला पहारा संपला. संशयास्पद काही आढळलं नाही. पेटी गरम.

रविवार, २३ मार्च

सायबर पोलिसांसाठी फिर्यादीचा मसुदा केला. 'अज्ञात इसमाविरुद्ध. सदर इसम फिर्यादीच्या निद्रेचा गैरफायदा घेऊन, गुरुवार खेरीजकरून, रोज सुमारे पंच्याऐंशी मिनिटं फिर्यादीचा संगणक उपभोगतो...'

सुनंदानं सबंध वाचला. चष्मा काढून डोळे पुसले. मग म्हणाली, "पाडवा होऊ द्या. सणाच्या तोंडावर पोलीस कशाला?" नागेंद्रही म्हणाला, "व्हय व्हय, पाडवा हुंदे." दोघांचं एकमत म्हणून मसुदा फाइलीत ठेवला.

बुधवार, २६ मार्च

पोस्टमन स्पीड पोस्टचं पाकीट देऊन गेला. माझ्या हातात पडलं, वर छापील अक्षरं होती, लागली नाहीत. सुनंदा ओले हात पुसत धावत आली, "माझं आहे, विम्याचं." पाकीट घेऊन ती देवघरात गेली आणि बाहेर आली ती गाणं म्हणत. विम्याच्या कागदानं इतका आनंद झालेली बाई मी प्रथमच पाहिली.

बुधवार, २ एप्रिल

संध्याकाळी टिळकवाडीतून येताना समोरच्या गाड्यांच्या दिव्यांना मोठमोठी चक्रं दिसत होती. लोक हल्ली दिवे फार प्रखर लावतात. घरी आलो तेव्हा सुनंदा फाटकात उभी होती. "मी भाजीला जातेय, पण तुम्ही यायची वाट बघत होते," म्हणाली. भाजीची पिशवी मात्र हातात नव्हती.

रविवार, १३ एप्रिल

खरं लिहायचं नसेल तर ही वही फाडून टाकावी. म्हणून लिहितो.

निपाणीचे मारुतीराव माझे जुने अशील, तंबाखूचे व्यापारी. बांधावरच्या वाटेचा त्यांचा खटला हे माझ्या पुस्तकातलं सर्वांत मोठं प्रकरण आहे. कागद घेऊन जा, असं ते कधीचे म्हणत होते. सुनंदा सकाळपासून सांगत होती, "बसनं जा. निपाणीला बसला काय तोटा?" दारात मोटार असताना बसनं जाणं मला अपमानाचं वाटलं. निघालो.

संकेश्वरच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू आहे. पिवळा फलक दिसला, अक्षरं दिसली नाहीत. गाड्या डावीकडे वळत होत्या आणि माझ्यासमोरचा रस्ता एकदम मोकळा झाला. मला बरं वाटलं. वेग वाढवला.

मग काहीतरी नारिंगी बाजूला उडालं. मी ब्रेक दाबला. गाडी खडीच्या ढिगात अर्धी चढून थांबली.

उतरलो. नारिंगी जाकीट घातलेली एक बाई रस्त्याकडेला पडली होती. उठली, लुगडं झटकलं. कुठं खरचटलं नव्हतं. हातात लाल झेंडा होता.

"आज्जा," ती म्हणाली, "एवढा झेंडा हालवला की! दिसला न्हाय व्हय?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. फलक नियमाप्रमाणे नव्हता, अडथळा आडवा लावलेला नव्हता, खडी रस्त्याच्या आत आली होती.  पण झेंडा पाच पावलांवर होता, लाल होता, चांगला टॉवेलाएवढा होता.

"नाही दिसला, बाई," मी म्हणालो.

चाळीस वर्षांत मी कुणाच्या वतीनंही असा सरळ कबुलीजबाब दिला नव्हता. मी खडीवरच बसलो. तिनंच पाणी आणून दिलं. मनुबाई तिचं नाव. घरी दोन नातवंडं आहेत, असं तिनं न विचारता सांगितलं. ते ऐकून मी पाणी तसंच खाली ठेवलं.

सुनंदाला फोन केला. तिनं एवढंच विचारलं, "कुणाला लागलं नाही ना?" नाही म्हटल्यावर, "तिथंच थांबा. गाडीला हात लावू नका."

तासाभरानं नागेंद्रची मोटारसायकल आली. मागे हेल्मेट घातलेली सुनंदा, पायांत कॅनव्हासचे बूट. ती आधी मनुबाईकडे गेली, तिचे दोन्ही हात धरून काहीतरी बोलली. तोवर कामावरच्या माणसांनी गाडी ढकलून बाहेर काढली होती. पुढचा बंपर वाकला होता, बाकी ठीक. सुनंदानं गाडीभोवती चक्कर मारली, चारी चाकं बघितली, आणि उजवीकडचं दार उघडून चालकाच्या जागेवर बसली. सीट पुढे ओढली.

"अगं, उतर. नागेंद्र चालवेल."

"मला मोटार येत न्हाय वकीलसाहेब," नागेंद्र म्हणाला. "आक्कास्नी येती."

"परवान्याशिवाय वाहन चालवणं हा गुन्हा..."

तिनं पर्समधून एक कार्ड काढून माझ्या हातात दिलं. "वाचा."

मी ते जवळ धरलं, लांब धरलं, उन्हात धरलं. धुकंच. ती घाई न करता थांबली होती. शेवटी तिनं कार्ड परत घेतलं आणि स्वतःच वाचून दाखवलं. तिचं नाव, जन्मतारीख, बेळगाव, हलकं मोटार वाहन.

"विम्याचं पाकीट," मी म्हणालो.

"हं. पट्टा लावा."

तिनं आरसा बघितला. इंडिकेटर दिला. दोन्ही बाजूंना मान फिरवली. तिथंच माझ्या डोक्यात उजेड पडायला लागला, एकेक दिवा करून. पुढच्या वळणावर ती बेळगावकडे वळेल असं मला वाटलं होतं. वळली नाही.

"कुठं चाललीस?"

"निपाणीला जायचं होतं ना? मग निपाणीला."

मोटारसायकल मागून येत होती. मी पट्टा पुन्हा एकदा चाचपला. मग विचारलं, "योगवर्ग?"

"ड्रायव्हिंग स्कूल."

"आणि माझा संगणक?"

"सरावाला. त्यातला तो ट्रक म्हणजे खेळ आहे, जाहिरात नव्हे. माळ्यावरच्या खोक्यात स्टिअरिंग होतं, पायाखालची पेडलं होती. टेबलाला घट्ट आवळून बसवायची. जावईबापूंनी फोनवर सांगितलं कसं जोडायचं ते."

"म्हणजे घूस..."

"मीच."

"जावई तर व्हायरस म्हणाला होता!"

"मीच सांगा म्हटलं."

एक खडीचा ट्रक पुढे होता. तिनं पाठीमागं पाहिलं, हॉर्न दिला आणि सहज पुढे काढली. मी दाराची मूठ धरली होती, ती सोडली.

"पण शहाऐंशी अंश, सुनंदा?"

"बर्फातला घाट होता. मागं वीस टन लाकूड. तापणारच की."

मला हसू आलं. ते आवरून मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"चौऱ्याण्णव साली सांगितलं होतं. आपण पहिली मोटार घेतली तेव्हा, मला शिकायचीय म्हणून. तुम्ही चार वकिलांच्या देखत म्हणालात, हिला ताटातलं डावं-उजवं कळतं तेवढं पुरे. सगळे हसले."

"मला आठवत नाही."

"मला आठवतं." तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच जास्त लागलं. "तेव्हा हट्ट नाही केला. तुम्ही चांगली चालवत होता. या जानेवारीत फाटकाला घासलीत तेव्हा शिकाऊ परवाना काढला. पुन्हा घासलीत, दुसऱ्या दिवशी वर्गाला नाव घातलं."

निपाणीत मारुतीराव ओट्यावर उभे होते. गाडी थांबली, त्यांनी कोण कुठल्या बाजूनं उतरलं ते नीट पाहून घेतलं. आत गेल्यावर चहाचा पहिला कप त्यांनी सुनंदापुढे ठेवला. मला दुसरा.

सोमवार, १४ एप्रिल

फिर्यादीचा मसुदा फाडायला काढला. सुनंदानं हातातून घेतला. चिन्मयीला सबंध वाचून दाखवायचा आहे म्हणे, विशेषतः निद्रेचा गैरफायदा.

दुपारी दोन वाजता आडवा झालो नाही. तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसलो. तिनं स्टिअरिंग लावलं, धुक्यातून मला दिसलं तेवढ्यात एक लांबलचक ट्रक होता आणि पलीकडे समुद्र. मी तीनदा "ब्रेक" म्हणालो. चौथ्यांदा तिनं खेळ थांबवला आणि सांगितलं, "झोपा जा."

शनिवार, ३ मे

बुधवारी उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. दोन्ही डोळ्यांत होता, डावा पुढच्या महिन्यात. डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस काय करत होता? सुनंदा म्हणाली, "मॉनिटर बदलत होते."

आज अंगणात गेलो. मोटारीवर अकरा ओरखडे आहेत. मला दोन ठाऊक होते. फाटकाचा खांब ओळंब्यात आहे, अगदी सरळ. गवंड्याची मनातल्या मनात क्षमा मागितली. मनुबाईला मात्र प्रत्यक्ष भेटायला हवं. सुनंदा म्हणाली, पुढच्या वेळी निपाणीला जाताना थांबू.

रविवार, १८ मे

सकाळी आठला सुनंदा किल्ली घेऊन निघाली. मी बूट घालायला लागलो तर म्हणाली, "तुम्ही नका येऊ. मी लोंढ्याला जाऊन येते."

"लोंढ्याला काय काम?"

"काम काही नाही."

"मग?"

तिला प्रश्नच समजला नसावा, अशी ती माझ्याकडे बघत राहिली. मग गाडी मागं घेतली, फाटकाच्या दोन्ही खांबांपासून हातभर अंतर राखून, आणि गेली.

मी हिशेब करत बसलो की काम नसताना ही बाई याआधी कुठं गेली होती. बहिणीकडे जाते ते तिची साखर बघायला. बाजारात जाते ते पिशवी घेऊन. देवळात जाते तीही कुणाच्या तरी परीक्षेसाठी नाहीतर माझ्या निकालासाठी. एकही उदाहरण सापडेना. नागेंद्र आला होता, त्याला विचारलं. "खानापूरच्या फुडं झाडी लई ग्वाड हाय," तो म्हणाला. "बगू दे की त्यास्नी." आणि चहाची वाट न पाहता निघून गेला, कारण चहा करणारं घरात कुणी नव्हतं.

साडेदहापर्यंत तीनदा फोन उचलला, तीनदा ठेवला. गाडी चालवणाऱ्याला फोन करू नये.

पावणेअकराला तिचाच आला. मागं रेल्वेची शिट्टी ऐकू येत होती.

"पोचले हो. स्टेशनसमोर चहा घेतेय. वडापण घेतलाय."

"एकटीच?"

"एकटीच."

"मग आता निघतेस ना परत?"

ती जरा थांबली. वडा खात असावी. "पुढं रामनगरकडं रस्ता चांगला दिसतोय," म्हणाली. "बघते जरा." आणि फोन बंद.

मी तांदूळ धुवून ठेवले आहेत. पाणी किती घालायचं ते विचारायचं राहून गेलं.